शोधयंत्र अनुकूलन : स्थावर मालमत्तेच्या संकेतस्थळांचे

शोधयंत्र अनुकूलन : महाजालावरील शोधयंत्रांना एखाद्या संकेतस्थळाची पृष्ठे सुलभपणे सापडावीत, त्यांतील आशयाचा अचूक बोध व्हावा आणि संबंधित माहिती शोधणाऱ्या व्यक्तीपुढे ती योग्य क्रमाने यावीत, यासाठी संकेतस्थळाची रचना, मजकूर व दुवे यांबाबत केलेली योजना. व्यवहारात ‘एसईओ’ हे संक्षिप्त नाव रूढ आहे. पैसे देऊन मिळविलेल्या जाहिरातींचा यात समावेश होत नाही. जाहिराती शोधफलितांत निराळ्या निर्देशाने दाखविल्या जातात. स्थावर मालमत्तेच्या बाबतीत या विषयास विशेष महत्त्व आहे. घराची खरेदी ही बहुसंख्य कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी आर्थिक उलाढाल असते आणि तिचा आरंभ पुष्कळदा शोधयंत्रावर लिहिलेल्या चारदोन शब्दांनी होतो. त्यामुळे त्या शब्दांना मिळणारे उत्तर खरे व अद्ययावत असणे हे विक्रेत्याइतकेच ग्राहकाच्याही हिताचे असते.

इतिहास : टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये यूरोपातील सर्न या संस्थेत जागतिक महाजालाची कल्पना मांडली. पृष्ठांची संख्या वाढू लागताच ती शोधण्याची साधने निर्माण झाली. याहू ही १९९४ मध्ये सुरू झालेली सेवा मूलतः माणसांनी वर्गीकृत केलेली सूची होती, तर वेबक्रॉलर (१९९४) व अल्टाव्हिस्टा (१९९५) ही शोधयंत्रे पृष्ठांतील संपूर्ण मजकुराचा शोध घेत. या यंत्रांचा भर शब्दांच्या आढळावर असल्याने एकच शब्द पृष्ठावर शेकडो वेळा लिहून वरचे स्थान पटकाविण्याचे प्रकार सुरू झाले. लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केलेल्या पेजरँक पद्धतीत, पृष्ठाकडे येणाऱ्या दुव्यांची संख्या व ते देणाऱ्या पृष्ठांचे महत्त्व या दोहोंवरून पृष्ठाचे मोल ठरविण्यात आले. १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन झाली. पुढे दुव्यांचीही खरेदी-विक्री होऊ लागली. निकृष्ट मजकुरास आळा घालण्यासाठी गूगलने २०११ मध्ये ‘पांडा’ व कृत्रिम दुव्यांविरुद्ध २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ या सुधारणा अमलात आणल्या. २०१९ मध्ये वापरात आलेल्या ‘बर्ट’ या भाषिक प्रारूपामुळे वाक्यातील शब्दांचा परस्परसंबंध यंत्रास अधिक चांगला कळू लागला.

शोधयंत्राचे कार्य : हे कार्य तीन टप्प्यांत चालते. प्रथम ‘क्रॉलर’ नावाची स्वयंचलित आज्ञावली दुव्यांमागून दुवे घेत पृष्ठांची वाचणी करते. दुसऱ्या टप्प्यात, ग्रंथाच्या अखेरीस असलेल्या शब्दसूचीप्रमाणे, कोणता शब्द कोणत्या पृष्ठांवर आहे याची सूची तयार होते. तिसऱ्या टप्प्यात प्रश्न विचारला जाताच सूचीतील पृष्ठांचा क्रम लावण्यात येतो. जे पृष्ठ वाचले गेले नाही त्याचा क्रम लागण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. मालमत्तेच्या अनेक संकेतस्थळांवर सदनिकांची माहिती केवळ शोधपत्र भरल्यानंतरच दिसते. क्रॉलर सामान्यतः अशी पत्रे भरत नसल्याने ती माहिती त्यास अदृश्य राहते. म्हणून शहर, उपनगर, वसाहत व मालमत्ता असा साध्या दुव्यांचा उतरता मार्ग ठेवणे आवश्यक ठरते. सर्व पृष्ठांचे पत्ते ‘साइटमॅप’ या धारिकेत देता येतात. अशा एका धारिकेत ५०,००० पर्यंत पत्ते मावतात.

शोधशब्द : ‘घर’ वा ‘सदनिका’ यांसारख्या व्यापक शब्दांसाठी मोठ्या सूचीस्थळांशी स्पर्धा करणे लहान व्यावसायिकास क्वचितच साधते. भारतात ९९एकर्स (२००५), मॅजिकब्रिक्स (२००६) व हाउसिंग डॉट कॉम (२०१२) ही स्थळे या क्षेत्रात प्रस्थापित आहेत. याउलट ‘कोथरूडमध्ये भाड्याने दोन बीएचके’ किंवा ‘रत्नागिरीजवळ बिगरशेती भूखंड’ अशा विशिष्ट शब्दसमूहांचा शोध घेणारे लोक थोडे असले, तरी त्यांची गरज निश्चित असते व स्थानिक व्यावसायिकास त्यांचे उत्तर अधिक नेमकेपणाने देता येते. महाराष्ट्रात एकच गोष्ट मराठी, हिंदी व इंग्रजीतून, तसेच रोमन लिपीतील मराठीतूनही शोधली जाते. जमिनीचे माप कोणी गुंठ्यात (१,०८९ चौ. फुट), कोणी एकरात (४० गुंठे), तर कोणी चौरस मीटरमध्ये विचारतो. मजकुरात ही मापे एकत्र दिल्यास वाचक व यंत्र या दोहोंची सोय होते. मराठी व इंग्रजी आवृत्त्या स्वतंत्र पत्त्यांवर ठेवून त्यांचा परस्परसंबंध यंत्रास कळविण्याची सोयही उपलब्ध आहे.

पृष्ठरचना : प्रत्येक पृष्ठास स्वतंत्र व वर्णनात्मक शीर्षक असावे. ‘मुखपृष्ठ’ किंवा ‘उत्तम घरे’ या शीर्षकांवरून काहीच बोध होत नाही; मालमत्तेचा प्रकार, वस्ती व शहर यांचा निर्देश असलेले शीर्षक उपयुक्त ठरते. किंमत, चटई क्षेत्र, मजला, ताबा मिळण्याचा काळ व सोयी ही माहिती चित्रात न देता मजकुराच्या रूपात द्यावी आणि छायाचित्रांना वर्णनात्मक पर्यायी मजकूर जोडावा. २०११ मध्ये गूगल, बिंग व याहू यांनी सुरू केलेल्या स्कीमा डॉट ऑर्ग या उपक्रमात अशी माहिती यंत्रास कळेल अशा ठराविक रूपात मांडण्याचे शब्दसंकेत आहेत. सदनिका, मालमत्तेची नोंद व मालमत्ता अभिकर्ता यांसाठी त्यात वेगळे प्रकार आहेत. मात्र त्यांच्या वापराने वरचे स्थान मिळेलच असे नाही. पूर्वी प्रचलित असलेल्या दडलेल्या शोधशब्द-यादीचा क्रम लावताना उपयोग होत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

पुनरुक्ती व कालबाह्य पृष्ठे : मालमत्तेच्या संकेतस्थळांचा हा विशेष दोष होय. २० वस्त्या, ४ सदनिका-प्रकार, ५ किंमतगट व मांडणीचे ४ क्रम यांच्या संयोगांतून १,६०० पत्ते निर्माण होतात. परंतु त्यांतील बहुतेक पृष्ठांवर त्याच त्या सदनिका पुन्हा येतात. यामुळे क्रॉलरचा वेळ वाया जातो व महत्त्वाची पृष्ठे मागे पडतात. एकसारख्या पृष्ठांपैकी मूळ कोणते हे सांगणारी ‘कॅनॉनिकल’ खूण २००९ पासून उपलब्ध आहे. ‘रोबॉट्स’ धारिकेने वाचणी थांबविता येते, तथापि पत्ता सूचीत जाणार नाहीच याची तिने खात्री होत नाही; त्यासाठी पृष्ठावरच निराळी सूचना द्यावी लागते आणि ती सूचना वाचली जाण्यासाठी त्या पृष्ठाची वाचणी खुली ठेवावी लागते. विकल्या गेलेल्या घराचे पृष्ठ ‘उपलब्ध’ म्हणून ठेवणे ही ग्राहकाची दिशाभूल होय. असे पृष्ठ काढून ‘४०४’ वा ‘४१०’ हा संकेत द्यावा, किंवा ‘विकले गेले’ असे ठळकपणे लिहून त्याच वस्तीतील उपलब्ध घरांचे दुवे द्यावेत. सर्व जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळविणे योग्य नव्हे.

स्थानिक शोध व वेग : नकाशासह येणाऱ्या स्थानिक फलितांचा क्रम प्रामुख्याने सुसंगती, अंतर व ख्याती यांवर अवलंबून असतो, असे गूगलने म्हटले आहे. कार्यालयाचे नाव, पत्ता, दूरध्वनी व कामाच्या वेळा सर्वत्र एकसारख्या असणे यासाठी हितावह असते. ग्राहकांचे अभिप्राय खरे असले पाहिजेत. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले आहे. छायाचित्रांची रेलचेल असलेली पृष्ठे मोबाइलवर मंद उघडतात. गूगलच्या निकषांनुसार पृष्ठाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसणे व वापरकर्त्याच्या क्रियेस २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळणे चांगले मानले जाते. चित्रांचे आकारमान कमी करणे हा यावरील सर्वांत साधा उपाय आहे.

गैरप्रकार : केवळ गावाचे नाव बदलून तोच मजकूर असलेली शेकडो पृष्ठे तयार करणे, यंत्रास एक व माणसास दुसरेच पृष्ठ दाखविणे, दुवे विकत घेणे आणि वाचकोपयोगी नसलेला मजकूर मोठ्या प्रमाणावर निर्माण करणे हे प्रकार निषिद्ध समजले जातात. शेवटच्या प्रकाराविरुद्ध गूगलने मार्च २०२४ मध्ये अधिक व्यापक धोरण जाहीर केले. मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, हा त्यात भेद नाही. अशी पृष्ठे मागे टाकली जातात वा सूचीतून वगळली जातात.

कायदेशीर बाजू : स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ यातील ‘जाहिरात’ या संज्ञेत कोणत्याही माध्यमातील जाहिरात येते, त्यामुळे संकेतस्थळावरील मजकूरही कायद्याच्या कक्षेत येतो. प्रवर्तकाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक व नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे देणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींत क्यूआर संकेतही अनिवार्य केला आहे. खोट्या विधानावर विसंबून रक्कम भरलेल्या व्यक्तीस नुकसानभरपाई मागता येते. तिने व्यवहारातून माघार घेतल्यास सव्याज परतावा मिळण्याची तरतूद कलम १२ मध्ये आहे. ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ यांसारखे वाक्य शोधशब्द म्हणून आकर्षक असले, तरी ते प्रत्यक्षाशी जुळले पाहिजे.

मर्यादा : अनुकूलनाचे परिणाम दिसण्यास पुष्कळदा काही महिने लागतात व पहिल्या स्थानाची हमी कोणासही देता येत नाही. केवळ भेटींची संख्या मोजणे अपुरे असून, चौकशी व प्रत्यक्ष पाहणी किती झाली हे पाहणे अधिक उद्‌बोधक ठरते. २०२४ पासून गूगलच्या फलितांत कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले सारांशही येऊ लागल्याने मूळ पृष्ठ न उघडताच उत्तर मिळण्याची शक्यता वाढली आहे. ग्राहकाच्या दृष्टीने हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, की शोधफलितातील वरचे स्थान हे मालमत्तेच्या निर्वेध मालकीचे प्रमाणपत्र नव्हे. सातबारा उतारा किंवा मिळकतपत्रिका, महारेरावरील नोंद व मालकी हक्काचा कायदेशीर शोध यांची जागा कोणतेही शोधयंत्र घेऊ शकत नाही. संकेतस्थळाने ग्राहकास या कागदपत्रांपर्यंत सरळ व खऱ्या मार्गाने पोहोचविणे, हेच या क्षेत्रातील अनुकूलनाचे खरे प्रयोजन होय.