काचेतलं चंद्रपुरी ऊन

चंद्रपूरच्या उन्हाची ओळख कुणाला करून द्यायला नको. बल्लारशाहवरून जाणाऱ्या दिल्ली-चेन्नई लोहमार्गाच्या कडेने रेलटेलचं ऑप्टिकल फायबर गेलंय. तसल्या लांब पल्ल्याच्या फायबरमधल्या उजेडापुढे मात्र हे ऊनही फिकं पडतं. एका चॅनलच्या, म्हणजे एका तरंगलांबीच्या, वाट्याला जेमतेम 1 मिलिवॉट प्रकाश येतो, पण तो कोंडलेला असतो 9 मायक्रॉन व्यासाच्या गाभ्यात. चौरस मीटरचा हिशेब मांडला, तर तीव्रता भर दुपारच्या उन्हाच्या सुमारे 16 हजार पट भरते. आणि अशी पाऊणशे-ऐंशी चॅनल एकाच तंतूतून जातात.

इतक्या तीव्र प्रकाशाने काचेचा अपवर्तनांक किंचित वाढतो. विजेच्या दाबाखाली काच असं वागते, हे जॉन केर यांनी 1875 मध्ये दाखवलं होतं. इथे ते काम प्रकाश स्वतःच करतो. त्याची कला (फेज) सरकते, शेजारच्या चॅनलचीही सरकवते. आजकाल माहिती कलेतच भरलेली असते, त्यामुळे शेकडो किलोमीटरनंतर सिग्नल ओळखू येईनासा होतो.

मग प्रकाश कमी सोडावा? किलोमीटरमागे 0.2 डेसिबल गळती धरली, तर चंद्रपूर ते गडचिरोली एवढ्या, म्हणजे 80 किलोमीटरच्या अंतरात चाळिसावा हिस्सा उरतो. अ‍ॅम्प्लिफायर लावावे लागतात आणि प्रत्येक जण आपली खरखर मिसळतो. क्षीण सिग्नल तिच्यात बुडतो. या दोन संकटांमधली नेमकी पातळी शोधणं हाच इंजिनिअरचा खरा कस.

यातला सर्वांत गमतीचा धडा अपस्करणाचा (डिस्पर्शन). त्यामुळे प्रकाशाचे स्पंद वाटेत पसरतात, म्हणून 1980च्या दशकात 1550 नॅनोमीटरला अपस्करण शून्य असलेलं फायबर बनवलं गेलं. पण पुढे एका तंतूत अनेक चॅनल आली, ती एकाच वेगाने बरोबर चालू लागली आणि एकमेकांत मिसळून भलत्याच लहरी उपजू लागल्या. शेवटी थोडं अपस्करण मुद्दाम ठेवावं लागलं! पसरलेले स्पंद आता रिसीव्हरमधली चिप गणिताने आवरते. केर परिणामही असाच उलटा गणून पुसता येतो, पण त्या गणिताला वीज फार लागते.

दुसरा उपाय रामन यांच्या नावाचा. सरकारी नोकरीत काही काळ नागपुरात काढलेले तेच सी. व्ही. रामन. पलीकडच्या टोकाकडून जोरकस लेझर सोडला, की तंतूच सिग्नलला वाटेत बळ देतो आणि सुरुवातीला प्रकाश कमी सोडला तरी भागतं.

गडचिरोलीत तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतच्या भारतनेटच्या फायबरला यातलं काही लागत नाही. अंतर कमी, चॅनलही मोजकी. तिथे रस्त्याच्या कामातला जेसीबी, कच्चा जोड आणि पर्लकोटा नदीच्या पुराने तुटणारी भामरागडची वाट, हेच खरे प्रश्न. केबल तुटली तर दुरुस्तीवाल्याला पूर ओसरेपर्यंत थांबावं लागतं, आणि त्यावर कुठल्याही चिपकडे गणित नाही.