गर्भसंभव सामग्री आणि टेस्ट ट्यूब बेबी

संत तुकाराम नगरमधील आमच्या चिकित्सालयात वंध्यत्वासाठी येणारी अनेक दाम्पत्ये आय.व्ही.एफ.चा एखादा प्रयत्न करूनच आलेली असतात. हातात फायलींची जाड पिशवी आणि प्रश्न एकच : "डॉक्टर, सगळं चांगलं होतं म्हणतात, मग राहिलं का नाही?"

उत्तर शोधताना सुश्रुतोक्त ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज ही चतुष्टयी आजही वाट दाखविते. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षाचा जन्म झाला. त्या वेळी बीजसंयोग शरीराबाहेर झाला, क्षेत्र मात्र मातेचेच होते. तंत्राने बीजांची भेट घडविली. बीजाचा कस वाढविणे त्यास आजही साधलेले नाही.

म्हणूनच स्त्रीचे वय सर्वांत निर्णायक. स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो आणि पस्तिशीनंतर संख्या व गुणवत्ता दोन्ही वेगाने घटतात. ब्रिटनमधील नोंदींनुसार स्वतःचे बीज वापरणाऱ्या पस्तिशीखालील स्त्रियांत साधारण तीन भ्रूणरोपणांमागे एक अपत्यजन्म होतो. 43 नंतर हे प्रमाण शंभरात पाचांहूनही कमी.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी 37 वर्षांच्या एका रुग्णेस मी चौदा महिने फलघृत व उत्तरबस्ति देत राहिलो. पाळी नियमित झाली, वजन उतरले, उभयतांस समाधान वाटले. पुढे आय.व्ही.एफ.च्या वेळी दोनच बीजे मिळाली, गर्भ राहिला नाही. आधी पाठविले असते तर राहिला असता, असे म्हणता येत नाही. पण ते चौदा महिने तिचे होते, माझे नव्हते. आता पस्तिशीपुढील रुग्णेचा ए.एम.एच. व सोनोग्राफीचा अहवाल पाहिल्याशिवाय मी कल्प लिहीत नाही, आणि तज्ज्ञाकडे लगेच पाठवितो.

पुरुषाच्या बाबतीत मात्र थांबण्यास अर्थ असतो. शुक्राणू घडण्यास सुमारे 74 दिवस लागतात. म्हणजे तीन महिन्यांच्या पथ्याचा परिणाम तपासणीत दिसू शकतो. वृषणांस शरीराहून दोन-चार अंश कमी उष्णता लागते, आणि आपल्या पट्ट्यात भोसरी-चाकणचे कितीतरी तरुण भट्टीसमोर पाळ्या करतात. फाईलमध्ये वीर्यतपासणीचे तीन अहवाल असतात; 'काम काय करता?' याची एक ओळही नसते. तंबाखूविषयी दोघांनाही विचारावे. मिश्री लावणाऱ्या स्त्रिया तिला व्यसन समजत नाहीत, म्हणून तिचे नाव घेऊनच विचारावे.

क्षेत्रदुष्टीत आपल्याकडे गर्भाशय व बीजवाहिन्यांचा क्षय विसरू नये. बीजवाहिनीत द्रव साचला असेल तर रोपणाचे यश जवळजवळ निम्म्यावर येते. आधी शस्त्रकर्माने ती काढणे वा बंद करणे हिताचे. अशा रुग्णेस उत्तरबस्तीचा मोह टाळावा. अंबु, म्हणजे पोषक रस. अतिस्थौल्य व अतिकार्श्य दोन्ही बाधक, हे वैद्यवाचकांस सांगणे नको.

राहिला ऋतु. चिकित्साचक्रात तो इंजेक्शनांनी बांधलेला असतो. त्या काळात आपली औषधे संबंधित तज्ज्ञास कळविल्याविना देऊ नयेत. रसौषधींबाबत तर अधिकच सावध असावे : 2012 मध्ये न्यूयॉर्कमधून प्रसिद्ध झालेल्या अहवालात आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या सहा गर्भिणींत शिशाची विषबाधा नोंदली गेली.

रोपणानंतर निजून राहिल्याने यश वाढत नाही. एका रुग्णेने त्या दोन आठवड्यांत जिना उतरणेही सोडले होते. तिला मुगाची खिचडी, तूप आणि सायंकाळी सोसायटीच्या आवारात पतीसह फेऱ्या, एवढेच लिहून दिले.