ठासणीची की काडतुसाची? रत्नागिरीत राखणीची बंदूक निवडताना

डोंगरातल्या शिकारीसाठी हलकी रायफल कशी निवडावी, यावर जगभर पुस्तकंच्या पुस्तकं निघतात. आल्प्समध्ये किंवा पामीरच्या पठारावर दिवसभर चढायचं आणि तीनशे मीटरवरच्या रानबकऱ्यावर एकच गोळी झाडायची, तर खांद्यावरचं शंभर ग्रॅम वजनही मोजून घ्यावं लागतं. आपल्याकडेही सह्याद्री आहे, चढ आहेत आणि संगमेश्वर, लांजा, राजापूरच्या घाटाकडच्या गावांत बंदुकाही आहेत. पण शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली. घराघरांत उरलेली बंदूक भाता-नाचणीच्या राखणीची. त्यामुळे इथे प्रश्न असा पडतो: ठासणीची घ्यावी, काडतुसाची घ्यावी, की थेट रायफलच? मुंबईची नोकरी सोडून गावी आलेला, मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिलेला तरुण हमखास रायफलीपासून सुरुवात करतो. आपणही तिथूनच सुरू करू.

रायफलीच्या नळीला आतून पिळाच्या चऱ्या पाडलेल्या असतात. त्यांतून गोळी गरगर फिरत बाहेर पडते आणि फिरती गोळी हवेत डगमगत नाही. बोल्टच्या रायफलीत नळीची मागची बाजू एका पोलादी दांड्याने बंद होते. दांड्याची मूठ वर उचलून मागे ओढली की झाडलेलं रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं. पुढे ढकलली की पेटीतलं नवं काडतूस नळीत बसतं. मूठ खाली दाबली की दांड्याचे कान खोबणीत अडकतात, दाराचा अडसर फिरवून लावावा तसे. हलणारे भाग थोडे, काडतुसाची बैठक पक्की, म्हणून नेम दर वेळी सारखा लागतो. जर्मनीच्या माउझर कंपनीने १८९८ साली हे यंत्र ज्या रूपाला आणलं, त्याच्याच नकला आजही चालू आहेत. आपल्याकडे परवान्यावर मिळणारी ओळखीची बोल्ट रायफल म्हणजे सरकारी कारखान्याची .३१५. बंगालमधल्या ईशापूरची ही रायफल लष्कराच्या जुन्या .३०३च्याच धाटणीची आहे, पण .३०३ लष्करी काडतूस असल्यामुळे तो बोअर सामान्य माणसाला प्रतिबंधित, आणि .३१५ला मात्र परवाना मिळू शकतो.

आता हलकेपणाचं. वजन कमी केलं की चढताना सुख, झाडताना दुःख. काडतूस तेच ठेवून रायफल पाव भागाने हलकी केली, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. धक्क्याच्या भीतीने माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि खांदा आखडून घेतो. पातळ नळी दोन-तीन गोळ्यांत तापते, ते वेगळंच. म्हणजे हलकी रायफल ही चालणाऱ्याची सोय आहे. राखणदार चालत नाही, तो मांगराच्या पडवीत किंवा माळ्यावर बसून असतो. त्याच्या दृष्टीने एक किलो इकडे की तिकडे, याला काही अर्थ नाही.

खरी अडचण पल्ल्याची आहे. .३०-०६ सारख्या रायफलीची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या वर वेगाने निघते, आणि नळी जरा वर धरलेली असेल तर चार-पाच किलोमीटर जाऊन पडते. संगमेश्वर तालुक्यातल्या कुठल्याही वाडीभोवती चार किलोमीटरचं रिंगण आखून बघा. त्यात आणखी तीन वाड्या, एखादी जिल्हा परिषदेची शाळा, पाण्यावर गेलेल्या बायका, सड्यावरचे गुराखी आणि कदाचित मुंबई-गोवा महामार्गसुद्धा येतो. कोकणात वस्ती एका जागी गोळा झालेली नाही, ती डोंगरभर विखुरलेली आहे. पामीरमध्ये गोळी हुकली तर दगडाला लागते. इथे ती कुणाच्या तरी अंगणात पडणार. शिवाय डुक्कर येतं रात्री, आणि दिसतं ते बॅटरीच्या उजेडात वीस-पंचवीस मीटरवर. तिथे तीनशे मीटरचा नेम कशाला?

गंमत म्हणजे कायद्यानेही हाच हिशेब केलेला दिसतो. १९५९च्या शस्त्र अधिनियमाचं कलम १३ वाचावं. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी कुणी परवाना मागितला, तर त्यात पहिलं नाव ठासणीच्या बंदुकीचं आहे. ठासणीची पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर त्याला दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, आणि तिची नळी निदान वीस इंचांची हवी. गुळगुळीत नळीची म्हणजे आत चऱ्या नसलेली. रायफलीचं नाव या ओळीत कुठेच नाही. शेतीच्या नावावर रायफल मागणाऱ्याने जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवण्याआधी एवढं वाचलं, तर त्याचे बरेच महिने वाचतील.

मग ठासणी. दिसायला भाबडं हत्यार, पण समजून न घेता हातात घेतलं तर तिन्हींत धोक्याचं तेच. नळी मागून बंद, सगळं भरायचं तोंडाकडून. आधी काळी दारू मापाने, मग चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि प्रत्येक थर गजाने ठासून बसवायचा. मागे नळीच्या बुडाशी एक बारीक भोक आणि त्यावर बोंड असतं. बोंडावर तांब्याची केप बसवतात. चाप ओढला की घोडा केपवर आदळतो, ठिणगी भोकातून आत जाते आणि बार उडतो. पाठोपाठ पांढऱ्या धुराचा लोट उठतो. त्या धुरामागे डुक्कर पडलं की पळालं, हे वारा सुटेपर्यंत कळत नाही. दुसरा बार भरायला सरावलेल्या हातालाही मिनिटभर लागतं, आणि अंधारात पावसाची भुरभुर असेल तर विचारूच नका.

ठासणीच्या गजावर दोन खुणा असाव्यात. रिकाम्या नळीत गज जिथवर आत जातो तिथे एक, आणि योग्य बार भरल्यावर जिथे थांबतो तिथे दुसरी. भरायच्या आधी गज आत सोडून बघायचा. तो पहिल्या खुणेपर्यंत गेला नाही, तर आत आधीचा बार बसलेला आहे. कोकणच्या हवेत दारू ओलावते, केप फुटते पण बार उडत नाही. राखणदाराला वाटतं उडाला, किंवा सकाळपर्यंत तो विसरतो, आणि दुसऱ्या रात्री त्याच नळीत दुसरा बार चढवतो. दोन बारांनी नळी फाटते, आणि ती फाटते डाव्या हाताच्या पंजाशी. केप फुटूनही बार उडाला नाही, तर तोंड मोकळ्या मातीकडे धरून निदान मिनिटभर थांबावं, कारण ठिणगी आत धुमसत असू शकते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत कधीही भरू नये. ती बिनधुराची दारू वेगळ्या जातीची असते. काळ्या दारूच्या मापाने ती भरली तर दाब कित्येक पटींनी वाढतो, आणि ठासणीची नळी त्यासाठी बनवलेलीच नसते.

काडतुसाच्या बंदुकीत हे घोळ नाहीत. परवान्यावर तिची नोंद एसबीबीएल किंवा डीबीबीएल अशी असते, म्हणजे मागून भरायची एकनळी किंवा दुनळी. कळ दाबली की बंदूक मध्ये मोडते, काडतूस ठेवायचं आणि मिटायची. नळी भरलेली आहे की रिकामी, हे उघडून डोळ्यांनी दिसतं. मला विचाराल तर तिचा सगळ्यात मोठा गुण हाच. बोअर बहुतेक बारा. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल तो बारा बोअर, सुमारे साडेअठरा मिलिमीटर. काडतुसं बहुधा सरकारी, शक्तिमान छापाची. डुकरासाठी लोक एलजी किंवा एसजी मागतात, म्हणजे थोडे पण मोठे छर्रे. पंचवीस मीटरवर त्यांचा पसारा साधारण दीड हाताचा होतो. पस्तीस-चाळीस मीटरच्या पुढे छर्रे इतके फाकतात की जनावर मरत नाही, नुसतं जखमी होतं. आणि जखमी डुकराच्या मागे सकाळी करवंदीच्या जाळीत शिरणं काय असतं, ते शिरलेल्यालाच माहीत.

आजोबांची बंदूक वारसाने नावावर करून घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घ्याव्यात. जुन्या बंदुकांचं घर, म्हणजे काडतूस बसतं तो भाग, पुष्कळदा ६५ मिलिमीटरचं असतं आणि आताची काडतुसं ७० मिलिमीटरची. न झाडलेलं काडतूस त्यात अलगद बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. झाडल्यावर ते उलगडायला जागा नसते आणि दाब चढतो. दुसरं, नळीवर लाटांसारखी नक्षी दिसत असेल तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी आहे. काळ्या दारूच्या जमान्यातली ती वस्तू भिंतीवर शोभते. तिच्यातून आजचं काडतूस झाडू नये.

बंदूक कुठलीही असो, नेम धरण्याआधी जनावराच्या मागे काय आहे ते बघायचं. माळ्यावरून खाली झाडलेला बार भाताच्या खाचरात गेला तर चिखलात रुतून बसतो. तोच बार उघड्या कातळावर गेला तर छर्रे उसळी घेतात आणि कुठे जातील याचा नेम नाही. जांभ्याच्या गडग्यावरही तेच. म्हणून माळा बांधतानाच बार मऊ मातीत जाईल अशी दिशा ठरवून घ्यावी. आणि हललेल्या झुडपावर बार टाकायचा नाही. डुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याची बातमी कोकणातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतेच, आणि बहुतेकदा मारणारा आणि मेलेला एकाच वाडीतले असतात.

इथे एक गैरसमज काढायला हवा, कारण चांगले शिकलेलेही त्यात फसतात. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे बंदूक बाळगण्याची परवानगी. डुक्कर मारण्याची परवानगी वेगळी आणि ती वनखात्याची. २०२२च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या अशा जनावराला मारण्याची लेखी परवानगी कलम ११ खाली अधिकाऱ्याला कारण नोंदवून देता येते. गवा आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीत, तिथे पिकाचं कारण चालतच नाही. गव्याने पंचवीस कलमं मोडली तरी उपाय पंचनामा आणि नुकसानभरपाई. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या बचावात जनावर मेलं तर तो गुन्हा नाही, पण पिकाच्या बचावाला ही सूट मिळत नाही. मारलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता, त्यामुळे वाडीत वाटे घालायचा प्रश्नच नाही. फासकी तर लावूच नयेत. ती बेकायदा आहेतच, आणि डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकून मेल्याची उदाहरणं कोकणात कमी नाहीत.

हे सगळं लक्षात घेतलं की कळतं, राखणीच्या बंदुकीचं बरंचसं काम आवाजाचं आहे. डुकराची नजर कमजोर, पण नाक आणि कान तिखट. भाताच्या लोंबीत दूध भरलं की कळप येतो, वाऱ्याचा अंदाज घेत कडेने शिरतो, आणि एक मोकळा बार ऐकला की त्या रात्रीपुरता निघून जातो. मोकळा म्हणजे नुसती दारू, छर्रे न घालता. या कामाला ठासणी उत्तम आणि काडतुसापेक्षा पुष्कळ स्वस्त. म्हणून माझं मत असं: एकट्याने थोडी शेती राखणाऱ्याने नीट तपासलेली ठासणी घ्यावी. घाटाच्या पायथ्याशी, जिथे कळप मोठे आहेत आणि वनखात्याची परवानगी वारंवार घ्यावी लागते, तिथे एकनळी बारा बोअर. दुनळीचं वजन आणि किंमत दोन्ही जास्त, आणि घाईत दुसरा चाप ओढण्याचा मोह होतो तो निराळा.

अर्ज ऑनलाइन भरायचा, सातबारा जोडायचा, पोलीस चौकशी होते आणि परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. घरात आजोबांची आणि वडिलांची धरून तीन असतील तर हा हिशेब आधी करावा.

राहिली देखभाल. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते. पावसाळ्यात बार काढून बंदूक तशीच खुंटीला अडकवली, तर दोन दिवसांत नळीत तांबूस गंज दिसतो. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवावी, चिंधी कोरडी निघेपर्यंत पुसावी आणि तेलाचा हात फिरवावा. घरोघर खोबरेल वापरतात. ते थंडीत थिजतं आणि घोड्याच्या कमानीत चिकटून बसतं, त्यापेक्षा शिलाई मशीनचं तेल बरं. हेच तेल निवडणुकीच्या आधीही लागतं. आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या नोटिसा निघतात. २०१९च्या विधानसभेचं मतदान २१ ऑक्टोबरला होतं, २०२४चं २० नोव्हेंबरला. दोन्ही वेळा आचारसंहिता नेमकी भात पिकण्या-कापण्याच्या दिवसांत आली. कुणाची बंदूक जमा करायची हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते, तेव्हा पिकाचं कारण देऊन सूट मागणारा अर्ज नोटीस हातात पडताच द्यावा. सूट नाही मिळाली, तर नळी पुसून, तेल लावून, तोंडाला बोळा घालूनच बंदूक द्यावी आणि पावतीवर तिचा क्रमांक बरोबर उतरवला आहे ना, हे तिथल्या तिथे बघावं.