कुशीवर वळलेली घरं

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातलं चार्ल्सटन. जुन्या वस्तीतल्या एखाद्या घराचं रस्त्यावरचं दार उघडून पाऊल टाकावं, तर आपण घरात नसतोच, असतो ओसरीवर. घराचं खरं दार पुढे, ओसरीच्या मध्यावर. या ओसरीला तिथे 'पियाझा' म्हणतात. बाहेरचं दार उघडं असलं तर 'या', बंद असलं तर 'आत्ता नको', असा जुना संकेत सांगतात.

घराचं नाव 'सिंगल हाउस'. रुंदी एकाच खोलीची, मधे जिना, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक खोली, वर असेच मजले. अरुंद बाजू रस्त्याकडे, लांब बाजू अंगणाकडे. जणू घर कुशीवर वळलंय. दर्शनी रुंदीवर कर होता म्हणून घरं चिंचोळी, असं पर्यटकांना हमखास ऐकवतात. त्याला कागदोपत्री आधार नाही. मला तरी उकाडाच दिसतो. पियाझा दक्षिणेला किंवा पश्चिमेला, म्हणजे ऊन बाहेर थोपतं आणि बंदरावरचा वारा आरपार खेळतो. शेजाऱ्याच्या पियाझावर नजर जाऊ नये म्हणून उत्तरेच्या भिंतीला खिडक्या बेताच्या. ही भिंतीत बांधलेली रीतभात मला फार आवडते.

३१ ऑगस्ट १८८६च्या रात्री भूकंपानं भिंती खिळखिळ्या केल्या. मग घरांतून लोखंडी सळया आरपार घालून बाहेर चकत्यांनी आवळल्या. त्या चकत्या अजून दिसतात. काहींवर सिंहाची तोंडं बसवून शोभाही साधलीय.

घरं वाचवण्याची चळवळ १९२०मध्ये सुरू झाली, ती जमीनजुमल्याची दलाली करणाऱ्या सुझन प्रिंगल फ्रॉस्ट यांच्या पुढाकारानं. १९३१मध्ये शहरानं ऐतिहासिक विभाग आखून बांधकामावर नियम घातले. अमेरिकेतला असा हा पहिलाच कायदा. घरं वाचली, पण डागडुजीपाठोपाठ कृष्णवर्णीय भाडेकरूंना हलावं लागलं. चर्च स्ट्रीटवरची 'कॅबेज रो' ही अशीच त्यांची चाळ. ड्युबोस हेवर्ड यांच्या 'पोर्गी' (१९२५) कादंबरीतली वस्ती तिच्यावरूनच बेतलेली.

परसात गेलं की स्वयंपाकघराची वेगळी इमारत लागते. गुलाम सहसा तिच्याच माडीवर राहत. विटाही गुलामांच्याच हातच्या. काही विटांत बोटांचे ठसे राहून गेलेत, ओली वीट उचलताना उमटलेले. त्यातले काही इतके लहान, की मोठ्या माणसाचं बोट त्यात बसत नाही.