जुन्या बुलेटचं इंजिन बांधताना: कुठे कोणतं ऑइल, कुठे कोणतं पॅकिंग

उभ्या बुलेटखाली ऑइलचा डाग दिसला नाही तर ऑइल संपलंय असं समजावं, असा एक विनोद बुलेटवाल्यांत चालतो. विनोद म्हणून ठीक आहे. पण गळती हा काही या गाडीचा जन्मजात गुण नाही. बहुतेक वेळा ती गेल्या वेळच्या घाईची खूण असते.

इथे बोलतोय ते बिडाच्या ब्लॉकच्या, चार गिअरच्या बुलेट ३५० बद्दल. मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला १९५५ नंतर बनू लागलेल्या घराण्यातली ही गाडी. अलीकडच्या बुलेटमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलवर चालतात. जुनीत तिघांची चूल वेगळी. त्यामुळे ‘बुलेटला कोणतं ऑइल?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही.

सुरुवात पॅकिंग सेटपासून करू. पॅकिंग म्हणजे दोन धातूंच्या जोडात बसणारा कागदाचा, तांब्याचा किंवा रबराचा पातळ थर. पुण्यात नाना पेठेत किंवा आपल्या गावातल्या स्पेअरच्या दुकानात पूर्ण सेट मिळतो, पण पिशवीवरच्या नावावर विसंबू नका. प्रत्येक पॅकिंग त्या त्या भागावर ठेवून भोकं जुळतात का ते पाहा. टायमिंग कव्हरचं पॅकिंग तर दोनदा पाहा, कारण तिथून ऑइलचे रस्ते जातात. एखादं भोक अर्धं जरी झाकलं गेलं, तरी ऑइल पुढे पोचत नाही.

मग जुनं पॅकिंग काढायचं. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते कोरडं घासू नका आणि ग्राइंडरला लावू नका. ओलं करून, मास्क लावून, प्लॅस्टिकच्या किंवा पितळेच्या पट्टीने सोलून काढा. स्क्रू-ड्रायव्हर मात्र लांब ठेवा. ॲल्युमिनियमवर पडलेला एक आडवा ओरखडा म्हणजे ऑइलला बाहेर पडायला तयार वाट.

आता कव्हर सपाट आहे का ते तपासायचं. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवा, त्यावर थोडं ऑइल टाका आणि कव्हर हलक्या हाताने आठच्या आकड्यात फिरवा. चार-पाच फेऱ्यांनी उलटं करून पाहिलं की गोष्ट स्पष्ट होते: चकाकलेला भाग उंच, काळपट राहिलेला खोल. स्क्रूच्या भोकांभोवती धातू वर आलेला बहुतेक वेळा सापडतोच, कारण गळती थांबावी म्हणून कुणीतरी स्क्रू जीव खाऊन आवळलेले असतात. सगळा काठ सारखा चकाकेपर्यंत फिरवा आणि नंतर कव्हर स्वच्छ धुवा. या कामाला अर्धा तास लागतो आणि माझ्या मते साऱ्या कामात हाच अर्धा तास सर्वांत मोलाचा.

कागदी पॅकिंग एवढ्या सपाट जोडावर नुसत्या ग्रीसच्या हातानेही धरतं. सिलिकॉन लावायचंच असेल तर बोटाने पुसल्यासारखं पातळ. जास्तीचं सिलिकॉन बाहेर येतं ते आपल्याला दिसतं. आत गेलेलं सुटून ऑइलच्या रस्त्यात अडकतं.

ब्लॉकखालचं पॅकिंग जुन्याच जाडीचं घ्या. दोन पॅकिंगं एकावर एक ठेवली की ब्लॉक वर उचलला जातो आणि कॉम्प्रेशन उतरतं. हेडचं पॅकिंग निव्वळ तांब्याचं असेल तर ते आधी लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा. वापराने कडक झालेलं तांबं त्याने मऊ पडतं. ड्रेन नटांचे तांब्याचे वॉशरही असेच. हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे, टॉर्क पान्याने आवळा.

टायमिंग कव्हरमध्ये, क्रँकच्या टोकापाशी, बुचाची एक छोटी सील बसते. सेटमध्ये ती कोपऱ्यात हरवून जाते आणि पुष्कळदा जुनीच परत बसवली जाते. हीच चूक महागात पडते. बिग एंडकडे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगकडे, जाणारं ऑइल या सीलच्या भरवशावर असतं. नवी सील ऑइलमध्ये भिजवून बसवा.

क्लचकडचं मोठं कव्हर मधल्या एकाच नटावर आणि रबरी पॅकिंगवर बसतं. गळतंय म्हणून नट आवळत गेलात तर कव्हर वाकतं आणि गळती वाढते. रबर कडक झालं असेल तर बदला, एवढाच उपाय.

आता ऑइल. इंजिनला २०डब्ल्यू-५०. हा आकडा ऑइलचा दाटपणा सांगतो: पहिला थंडीतला, दुसरा तापल्यावरचा. नव्या गाड्यांचं पातळ १०डब्ल्यू-३० इथे नको. क्लचच्या कप्प्यात मोटारसायकलचंच ऑइल घाला. कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात आणि त्यामुळे क्लच घसरतो. डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं असेल तर निर्धास्त. पातळी लेव्हल स्क्रूच्या भोकापर्यंत. त्यातून ऑइल पाझरू लागलं की थांबा.

गिअरबॉक्सबद्दल मिस्त्री लोकांत दोन तट आहेत. कुणी ग्रीस ठासतं, कुणी ९० नंबरचं ऑइल भरतं. ऑइल गळतं, ही पहिल्यांची तक्रार खरी. पण चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस भरलं तर गिअर त्यात स्वतःपुरती खाच पाडून फिरत राहतात आणि ग्रीस दातांवर परतत नाही. अर्धप्रवाही ग्रीस (००० किंवा ०० दर्जाचं) आणि जोडीला थोडं ९० नंबर, हा मला पटलेला मार्ग. ऑइल जीएल-४ दर्जाचं बघा. जीएल-५ मधली काही रसायनं आतल्या पितळी-काशाच्या बुशांना बाधू शकतात.

पेट्रोलही विसरू नका. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनं रबर फुगतं, चिरतं. कार्ब्युरेटरची पॅकिंगं, नळी आणि कॉकचे वॉशर नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या.

किक मारण्याआधी ब्रीदर पाहा. ब्रीदर म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी नळी. ती तुंबली किंवा तिच्या टोकाचं रबर चिकटलं, की आतली हवा प्रत्येक जोडातून ऑइल ढकलते आणि नव्या पॅकिंगला उगाच दोष लागतो.

गाडी सुरू झाली की हेडकडे जाणाऱ्या ऑइल पाइपचा बोल्ट किंचित सैल करून ऑइल पाझरतंय ना, ते बघा. मगच बोल्ट आवळून पुढे जा. ऑइलची पातळी मात्र इंजिन थोडा वेळ चालवल्यावर मोजा. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या बुलेटमध्ये ऑइल टाकीतून क्रँकच्या कप्प्यात उतरतं. काठी कोरडी दिसते, आपण वरून आणखी ओततो, आणि गाडी चालू होताच जास्तीचं सगळं ब्रीदरमधून बाहेर येतं.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर हेडचे नट पुन्हा एकदा पाहा आणि त्यानंतर टॅपेट लावा. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरलाच बदला.