गंगाजळी कोठे ठेवावी?

आजारपण, नोकरीतील खंड, पावसाळ्यात खचलेली भिंत असे प्रसंग पूर्वसूचना देऊन येत नाहीत. त्यांसाठी चार-सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी गंगाजळी बाजूस असावी, हे आपल्या गृहिणींना कोणी शिकवावयास नको. मात्र ती ठेवावी कोठे, याचा विचार त्या मानाने फारच थोडा होतो.

बेंगळूरच्या बसवनगुडी भागातील श्री गुरु राघवेंद्र सहकारी बँकेवर जानेवारी 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले व खातेदारास 35,000 रुपयांहून अधिक रक्कम काढता येईना. ठेवीदारांत निवृत्त वृद्धांचा भरणा मोठा होता. इतर बँकांहून चढ्या व्याजाने त्यांना तेथे ओढले होते. पैसा खातेपुस्तकात होता, हातात मात्र नव्हता. अशा वेळी घरात शस्त्रक्रियेचा प्रसंग उद्भवल्यास, जवळ लाखोंची ठेव असूनही सोने गहाण टाकावे लागते. दोन टक्के अधिक व्याजाची ही किंमत फार झाली!

ठेवींना विमा आहे, हे खरे. 1960 साली केरळातील पलाई सेंट्रल बँक व अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा सरकारला जाग आली आणि 1 जानेवारी 1962 पासून दर ठेवीदारामागे 1,500 रुपयांचा विमा सुरू झाला. 1993 साली 1 लाखावर आलेली ही मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख झाली. पूर्वी बँक अवसायनात निघाल्याखेरीज वा दुसरीत विलीन झाल्याखेरीज ही रक्कम हाती येत नसे. 2021 च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांची मुदत ठरली. तथापि रुग्णालय 90 दिवस थांबत नाही.

या 5 लाखांत मुद्दल व व्याज दोन्ही येतात आणि एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील ठेवी एकत्र मोजल्या जातात. चार शाखांत चार पावत्या करून निश्चिंत झालेल्यांनी हे ध्यानी घ्यावे. पतीचे, पत्नीचे व दोघांचे संयुक्त खाते मात्र स्वतंत्र धरले जाते. पतसंस्थांतील ठेवींना हा विमा नाही. संस्थेच्या नावाच्या पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द आहे, तेवढ्याने ती बँक ठरत नाही. ठेव ठेवण्यापूर्वी विम्याची चौकशी अवश्य करावी.

सबब गंगाजळी निदान दोन बँकांत विभागावी, आणि तीतील एक हिस्सा केव्हाही काढता येईल अशा बचत खात्यात असावा. त्यावर व्याज कमी मिळते, मिळू द्यावे. मुदत ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज काढण्याची सोय उत्तम आहे. पण तीही बँकेचे व्यवहार सुरळीत असेपर्यंतच. शिवणकाम, शिकवणी, डबे यांतून वरकड मिळकत होत असल्यास ती आरंभी दुसऱ्या बँकेतील खात्यात टाकीत जावी. त्या खात्यात तीन महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत नवा हप्ता अंगावर घेऊ नये, मग दुकानदार तो कितीही ‘बिनव्याजी’ म्हणो.