सिंहगड पाय तयार करतो, रक्त नाही

एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेकचा मुख्य हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. त्यासाठीची नावनोंदणी साधारण पावसाच्या तोंडावर जोरात असते आणि पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये ठरलेला प्रश्न फिरू लागतो : ‘फिटनेस किती लागतो?’ उत्तरही ठरलेलंच : ‘दर रविवारी सिंहगड करताय ना? मग सहज होईल.’ हे उत्तर निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं ठाऊक नसल्यामुळे चांगले धडधाकट लोक चार-साडेचार हजार मीटरवर डोकं धरून बसतात.

आपलं सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. बेस कॅम्पचा ट्रेक जिथून सुरू होतो ते लुकला गावच सुमारे २,८५० मीटरवर आहे आणि बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. जाऊन-येऊन साधारण १३० किलोमीटर चाल, बारा-तेरा दिवसांची. अंतर म्हणून पाहिलं तर यात भीती वाटण्यासारखं काही नाही. वारीला जाणारी साठीची माणसं याहून जास्त चालतात. अडचण हवेची आहे.

वर ऑक्सिजन ‘कमी’ असतो असं आपण म्हणतो, पण हवेतलं त्याचं प्रमाण तिथेही २१ टक्क्यांच्या आसपासच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. बेस कॅम्पवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच येतो. शरीर यावर पहिला उपाय करतं तो जोरजोरात श्वास घेण्याचा. त्यातून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्त थोडं अल्कधर्मी होतं. मग मेंदू उलट श्वास आवरायला बघतो. रात्री झोपेत श्वास क्षणभर थांबतो, माणूस दचकून जागा होतो, ते यामुळेच. ही ओढाताण मूत्रपिंडं मिटवतात, जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून. त्याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढवण्याचा हुकूम काही तासांत निघतो, पण नव्या पेशींचा पुरेसा साठा व्हायला काही आठवडे जातात.

यातली एकही गोष्ट सिंहगडावर घडत नाही. म्हणूनच विरळ हवेचा त्रास आणि फिटनेस यांचा फारसा संबंध नसतो. मॅरेथॉन धावणाऱ्याला तो होतो आणि शेजारी रमतगमत चालणाऱ्या काकूंना होत नाही. उलट तरुण, दणकट मंडळी भरभर वर जातात आणि तिथेच फसतात.

तेव्हा तयारीतला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे कार्यक्रमपत्रिका. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात सुमारे ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, असा वैद्यकीय संकेत आहे. आता मार्ग पाहा. फाकडिंगहून (२,६१० मीटर) नामचे बाजारला (३,४४०) एका दिवसात ८३० मीटर चढ होतो, म्हणून नामचेला दोन रात्री हव्यातच. पुढे दिंगबोचेला (४,४१०) पुन्हा दोन. विश्रांतीच्या दिवशी लोळायचं नसतं. दुपारी तीन-चारशे मीटर वर जाऊन यायचं आणि खाली झोपायचं. स्वस्तातल्या किंवा ‘कमी रजेत’ बसवलेल्या पॅकेजमधून नेमका हाच दिवस गळतो. पैसे भरण्यापूर्वी कोण कुठे किती रात्री झोपणार, हे लेखी मागा. हॉटेलचे फोटो नंतर बघितले तरी चालतील.

डोकेदुखी आणि जोडीला मळमळ, चक्कर किंवा गळून जाणं, ही विरळ हवेच्या त्रासाची पहिली खूण. नव्या उंचीवर पोहोचल्यावर सहसा सहा ते बारा तासांत ती दिसते. अशा वेळी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. लक्षणं वाढली तर खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागणं म्हणजे फुप्फुसात पाणी साठत असल्याची शक्यता. बोलणं असंबद्ध होणं किंवा सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता न येणं म्हणजे मेंदूला सूज. या दोन्हींत सकाळची वाट पाहणं जिवावर बेतू शकतं. मार्गावर फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना १९७३ पासून हंगामात चालतो, तो कुठे आहे हे आधी माहीत असावं. आपल्याकडे मात्र ‘ग्रुपची अडचण नको’ म्हणून डोकेदुखी लपवण्याची खोड आहे, आणि बायका ती जास्त लपवतात. जोडीदार ठरवून रोज संध्याकाळी एकमेकांना विचारायचा नियमच करावा.

अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी मूत्रपिंडांचं वर सांगितलेलं काम लवकर करून घेते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची, सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायची, आणि एखादा डोस घरी घेऊन बघायचा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. हे तिथे पहिल्यांदा कळलं तर माणूस घाबरतो. झोपेच्या गोळ्या आणि दारू मात्र वर नकोच. लसणाचं सूप चवीला उत्तम असतं, जरूर प्यावं, पण गोळीच्या जागी नव्हे.

आता पायांकडे. त्यांच्यासाठी चार-पाच महिने धरा. आठवड्यातून तीन-चार वेळा तासभर झपाझप चाल, दोनदा जिने, रविवारी डोंगर. दोन वाक्यं बोलता येतील इतक्याच वेगाने चढायचं, कारण वर तोच वेग कामाचा आहे. पाच हजार मीटरवर शरीराची कमाल क्षमता साधारण एक तृतीयांशाने घटलेली असते. आणि उतरण्याचा सराव विसरू नका. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्याने तो जास्त दुखावतो. सवय झाली की हेच दुखणं झपाट्याने कमी होतं. त्यामुळे सिंहगड चढून जीपने खाली येणाऱ्यांची तयारी अर्धवटच राहते. शेवटच्या दोन महिन्यांत पाठीवर सहा-सात किलो आणि पायांत तेच बूट हवेत जे नेपाळला जाणार आहेत. सलग दोन-तीन दिवस चालण्याचा सरावही एकदा तरी व्हावा. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे काय म्हणतात, ते एका रविवारात कळत नाही.

तपासण्यांमध्ये रक्तदाब, साखर आणि चाळिशीनंतर डॉक्टरांना वाटलं तर ट्रेडमिल चाचणी, एवढं बहुतेक जण करतात. हिमोग्लोबिन मात्र राहून जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. निम्म्या ऑक्सिजनच्या प्रदेशात तो वाहून नेणाऱ्या गाड्याच कमी असतील तर सराव कितीही करा, दम लागणारच. लोहाच्या गोळ्यांनी साठा भरायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून ही तपासणी आत्ता, जून-जुलैत करायची. मधुमेहींनी इन्सुलिन गोठू नये म्हणून अंगाशी, कपड्यांच्या आत ठेवायचं, आणि ग्लुकोमीटरही. थंडीत त्याची बॅटरी दगा देते.

विमा घेताना पॉलिसीत ट्रेकिंगची कमाल उंची किती लिहिली आहे आणि हेलिकॉप्टरने सुटका धरली आहे का, हे वाचून घ्या. परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. लुकलाची छोटी विमानं ढग आले की उडत नाहीत, आणि सुरुवातीलाच दोन दिवस अडकलेला गट ते भरून काढायला नामचेची दुसरी रात्र रद्द करतो.